गुरांच्या डॉक्टरांची शाळा

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात टांगेवाल्यांची सात-आठ घरं होती. घोडा लंगडायला लागला किंवा त्याने दाण्याला तोंड लावायचं सोडलं, की टांगेवाला म्हणायचा, "सलोत्रीला बोलवा." सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. हा शब्द अरबी-फारसीतून आला असणार अशी माझी खात्री होती. बी.ए.ला असताना कोश चाळताना कळलं की तो ‘शालिहोत्र’ या संस्कृत नावावरून आला आहे. शालिहोत्र हे अश्ववैद्यकाच्या जुन्या आचार्याचं नाव आणि त्याच्या नावावरच्या ग्रंथाचंही. या ग्रंथाचे फारसीत तर्जुमे झाले, घोडेस्वारांच्या फौजांबरोबर ते हिंडले, आणि १७८८ साली कलकत्त्यात त्याचा एक इंग्रजी अनुवादही छापला गेला. मूळ ऋषीचं नाव झिजत झिजत आमच्या टांगेवाल्याच्या तोंडी येऊन बसलं होतं. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याचा आनंद व्हायचाच.

पण आज बोलायचं आहे ते शब्दावर नाही, त्या माणसाच्या विद्येवर. आमचा सलोत्री हुशार होता. त्याचे नुस्खे त्याच्या वालिदांकडून आलेले. ते तो कुणाला सांगत नसे, शागिर्दालाही शेवटचा एखादा नुस्खा देत नसे. तो गेला तेव्हा त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर गेलं. आणि त्याच्या हयातीत त्यात काही भर पडली का? तर तीही फारशी नाही. शेजारच्या तालुक्यातल्या सलोत्रीने काय पाहिलं, त्याचा कोणता घोडा वाचला आणि कोणता मेला, हे याला कळायला वाटच नव्हती. गेल्या अडीचशे वर्षांत गुरांच्या डॉक्टरांच्या पेशात जे घडलं, त्याचा गाभा म्हणजे ही वाट बांधण्याची खटपट. ती वाट बांधायला बहुतेक वेळा एक रोगच कारण झाला. त्याचं नाव बुळकांडी.

बुळकांडी आता जगात नाही. चाळिशीच्या आतल्या श्रोत्यांनी ती पाहिलीही नसेल. गाई-म्हशींना ताप, तोंडात फोड, डोळ्या-नाकातून पाणी, मग जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. अठराव्या शतकात या रोगाने युरोप पोखरून काढला होता. फ्रान्समध्ये क्लोद बूर्जला नावाच्या माणसाने १७६१ साली राजाकडून परवानगी मिळवली आणि लियों शहरात पशुवैद्यकाची शाळा काढली. बूर्जला स्वतः घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख. त्याचं प्रेम घोड्यांवर होतं. सरकारने मात्र परवानगी दिली ती गुरांच्या साथीला आळा बसावा म्हणून. आधुनिक जगातली ही पहिली पशुवैद्यक शाळा. इथे नुस्खा लपवायचा नव्हता, फळ्यावर लिहायचा होता.

शाळा निघाल्या, पदव्या मिळू लागल्या. पण पदवी घेऊन गावोगाव पांगलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कुठे? १८६३ साली एडिंबरोच्या जॉन गॅमजी या पशुवैद्याने युरोपभर पत्रं पाठवली आणि जर्मनीतल्या हँबर्गला सगळ्यांना बोलावलं. दहा देशांतले शंभराच्या आसपास पशुवैद्य जमले. जागतिक पातळीवर या पेशातली माणसं एका छपराखाली बसली ती तेव्हा पहिल्यांदा. विषय अर्थात बुळकांडी आणि गुरांचा व्यापार. गॅमजीचं म्हणणं सरळ होतं: आगगाड्या आणि बोटी आल्या आहेत, आता गुरं आठवड्यात देश ओलांडतात, तेव्हा रोगही ओलांडणार. त्याच्या मायदेशात त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. १८६५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या गुरांच्या बाजारात बुळकांडी उतरली आणि ब्रिटनमधली गुरं लाखांनी मेली. गॅमजीने मान डोलावून "मी म्हटलं होतं" असं म्हटलं असेल का? माणूस भांडकुदळ होता म्हणतात, म्हटलं असेलही.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी फौजेला घोडे, खेचरं, उंट आणि बैल यांच्यावाचून एक पाऊल टाकता येत नव्हतं. त्यामुळे इथलं नवं पशुवैद्यक आलं ते लष्कराच्या मागोमाग. १८८० साली डेरा इस्माईलखान इथे घोड्यांमध्ये एक रोग पसरला होता. घोडा खंगत जायचा, पाय सुजायचे, शेवटी मरायचा. तिथले लोक त्याला ‘सर्रा’ म्हणत. ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी घोड्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तेव्हा त्याला वळवळणारे जीव दिसले. हेच रोगाचं कारण आहे, असं त्याने कळवलं. कलकत्त्याचे मोठे तज्ज्ञ म्हणाले, असले जीव आम्ही उंदरांच्या रक्तात पाहिलेत, ते निरुपद्रवी असतात. विषय तिथेच संपला असता.

तो संपला नाही, याचं श्रेय दुसऱ्या एका पशुवैद्याला. जॉन हेन्री स्टील त्याचं नाव. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरांमध्ये तसाच रोग त्याला आढळला. त्याने एव्हान्सचं काम वाचलेलं होतं. त्याने रक्त पाहिलं, तेच जीव दिसले, आणि निरोगी जनावरात ते टोचले तर रोग होतो हेही दिसलं. स्टीलची एक चूक झाली: तो जीव नेमका कोणत्या जातीचा, हे त्याने चुकीचं ठरवलं. पण त्याला नाव देताना त्याने स्वतःचं नाव नाही दिलं, एव्हान्सचं दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी जात दुरुस्त केली, एव्हान्सचं नाव मात्र तसंच ठेवलं. आजही पाठ्यपुस्तकात सर्राच्या जंतूच्या नावात एव्हान्स आहे. मला हा प्रसंग फार आवडतो. कवींमध्ये असं क्वचित घडतं.

हाच स्टील पुढे मुंबईत आला. परळला सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाच्या दानातून जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं होतं, त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाचं. त्याच्याच आधाराने १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि स्टील त्याचा पहिला प्रमुख झाला. लाहोरची शाळा याच्या चार वर्षं आधीची. कलकत्ता आणि मद्रास नंतरची. इथून बाहेर पडणारे डॉक्टर नावामागे ‘जी. बी. व्ही. सी.’ लावत, म्हणजे मुंबईच्या पशुवैद्यक कॉलेजचा पदवीधर. शिकवण्याबरोबर स्टीलने फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्यासह हिंदुस्थानातल्या पशुवैद्यांसाठी एक त्रैमासिकही चालवलं होतं. दूरच्या छावणीत एकट्या पडलेल्या डॉक्टरने आपली केस लिहून पाठवायची आणि दुसऱ्याची वाचायची, एवढाच त्याचा हेतू. स्टील १८९१ साली मुंबईतच वारला. तेव्हा तो पस्तिशीत होता.

पुण्यालाही या कथेत मोठी जागा आहे. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणजे तिचाच वंशविस्तार. पण भर वस्तीत घातक जंतू बाळगणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. अल्फ्रेड लिंगार्ड तिथला पहिला शास्त्रज्ञ. १८९७ साली रॉबर्ट कॉख या डोंगरावर येऊन गेला. तो आधी दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करत होता, मग प्लेगसाठी मुंबईला आला आणि तिथून मुक्तेश्वरला गेला. त्या काळात मुक्तेश्वरला जायचं म्हणजे शेवटचा टप्पा घोड्यावरून. ज्ञानासाठी माणसं किती चालत!

१९२० च्या दशकात याच मुक्तेश्वरात जे. टी. एडवर्ड्सने एक गोष्ट केली. बुळकांडीचा विषाणू त्याने एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, दुसरीतून तिसरीत असा पुढे पुढे नेला. शेकडो शेळ्यांनंतर त्या विषाणूची गुरं मारण्याची ताकद गेली, पण संरक्षण देण्याची राहिली. ही लस पुढे देशभर टोचली गेली. आपल्या देशी गुरांना ती मानवायची, विलायती आणि संकरित गाईंना मात्र झेपत नसे. त्यांना तिचाच ताप चढायचा. हे कागदावरचं ज्ञान नव्हे. कोणत्या गोठ्यात काय झालं, हे गावोगावच्या डॉक्टरांनी पाहून कळवलं म्हणून ते समजलं. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइटने पेशींवर वाढवलेली, सगळ्यांना चालणारी लस काढली.

मधे एक आडवाट घेतो. १९२० साली बेल्जियममध्ये बुळकांडी उफाळली. ती कुठून आली? हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेले आपले वशिंडाचे बैल-गाई अँटवर्प बंदरात थांबले होते, त्यांच्याबरोबर. त्या धक्क्याने १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि १९२४ च्या जानेवारीत २८ देशांनी एकत्र येऊन पशुरोगांची जागतिक संघटना स्थापली. आपल्या देशात कोणता रोग आहे, हे लपवायचं नाही, एकमेकांना कळवायचं, हे तिचं मूळ काम. संयुक्त राष्ट्रसंघाच्याही वीस-एकवीस वर्षं आधी! त्याच १९२४ साली मद्रासेहून ‘इंडियन व्हेटरिनरी जर्नल’ निघू लागलं. या वेळी लिहिणारे आणि वाचणारे बहुतांशी हिंदी होते.

स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची मोहीम घेतली. रोग कमी झाला, हटला नाही. आणि इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगायला हवी.

माझी अम्मी शेळ्या पाळायची. १९९० च्या दशकाच्या मध्यात मराठवाड्यातल्या आमच्या गावी पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या शेळ्यांना ताप आला, नाकातून शेंबूड, तोंड सोललेलं, मग जुलाब. आठवड्यात नऊपैकी सहा गेल्या. त्यात ईदसाठी वाढवलेला बोकडही होता. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. तरुण होते, मोपेडवरून यायचे. त्यांनी पाहिलं आणि गोंधळले. म्हणाले, "चाची, दिसतंय बुळकांडीसारखं. पण शेजारच्या गाईला काहीच नाही. हे मी वाचलेल्यात बसत नाही." त्यांनी जमेल तो उपचार केला. अम्मी नाराज झाली. डॉक्टर असून माहीत नाही म्हणतो, म्हणजे काय?

दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. दवाखान्याचं काही काम नव्हतं, मुद्दाम आले. विभागाच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. ओट्यावर बसून त्यांनी अम्मीला सांगितलं, "चाची, त्याचं नाव पीपीआर. बुळकांडीचा चुलतभाऊ आहे, पण तो शेळ्या-मेंढ्यांना धरतो. आपल्याकडे नवा आहे." अम्मी अक्षरओळख नसलेली बाई. तिने विचारलं, "डॉक्टरसाब, पता होता तो बच जातीं?" ते म्हणाले, "सगळ्या नाही. दोन-तीन वेगळ्या बांधल्या असत्या, तर त्या वाचल्या असत्या." त्या दिवसानंतर अम्मीचा त्यांच्यावर जो विश्वास बसला तो कायमचा. चूक मान्य करायला परत येणारा डॉक्टर तिने आधी पाहिला नव्हता.

पीपीआर भारतात पहिल्यांदा नोंदला गेला १९८७ साली, तमिळनाडूत. बरीच वर्षं तो दक्षिणेतच राहिला, मग वर सरकला. आमच्या डॉक्टरांनी पदवी घेतली तेव्हा त्यांच्या पुस्तकात तो नव्हता किंवा आफ्रिकेतला रोग म्हणून दोन ओळींत होता. यात एकट्या आमच्या शेळ्यांचा प्रश्न नव्हता. देश तेव्हा बुळकांडी संपल्याचं जगाला दाखवण्याच्या बेतात होता. शेळीतल्या पीपीआरला कुणी बुळकांडी म्हणून नोंदवलं, तर सगळा हिशेब चुकणार. उलट खरी बुळकांडी पीपीआर म्हणून सुटली, तर आणखी वाईट. शिवाय एका टप्प्यावर लस टोचणं थांबवावं लागतं, कारण लस चालू असताना रोग खरंच गेला की झाकला गेला, हे कळत नाही. आयुष्यभर "टोचा" सांगितलेल्या माणसांना "आता थांबा आणि नुसतं बघा" हे शिकवायचं! तालुक्या-तालुक्यातले हजारो डॉक्टर आणि पशुधन पर्यवेक्षक ते शिकले. भारतातली शेवटची बुळकांडी १९९५ साली नोंदली गेली. २००६ मध्ये देश या रोगातून मुक्त ठरला. आणि २०११ च्या मे-जूनमध्ये जगातूनच बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माणसाने देवीनंतर संपवलेला हा दुसराच रोग. वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर आली होती. पीपीआरवरची एक देशी लसही पुढे त्याच मुक्तेश्वरच्या डोंगरावर तयार झाली.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे भाषण नुसतं कौतुक होईल.

१९९० च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध जनावरांसाठी स्वस्त मिळू लागलं. सुजलेली कास, दुखरा सांधा, ताप. एक इंजेक्शन दिलं की गाय उभी राहायची. मालक खूश, डॉक्टरही खूश. त्याच वर्षांत गिधाडं नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या अभयारण्यात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ही घट मोजून दाखवली. कारण सापडेना. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या पथकाने ते शोधलं. ओक्सही पशुवैद्यच. औषध टोचल्यावर थोड्याच काळात मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतड्यांवर पांढरा थर चढून ते मरतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली.

या संशोधनातला एक हिशेब मला झोपू देत नाही. गिधाडांना पडणाऱ्या मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी जनावरांत हे औषध असलं, तरी गिधाडं इतक्या वेगाने संपायला ते पुरेसं होतं. म्हणजे नव्व्याण्णव डॉक्टरांना कळलं आणि एकाला कळलं नाही, तर नव्व्याण्णवांचं कळणं फुकट. गुरांचा डॉक्टर गाय बघतो, तिच्यावरचं आभाळ बघायची त्याला कुणी तालीम दिली नव्हती. त्याला दोष कसा द्यायचा? पदवीनंतर त्याच्याकडे नवं काही घेऊन नियमाने येणारा माणूस कोण, तर औषध कंपनीचा प्रतिनिधी. तो औषधाचे गुण सांगणार, हे उघड आहे.

२००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे, हेही त्याच वर्षी सिद्ध झालं होतं. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून जुनं औषध गोठ्यात जात राहिलं, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकार एका मात्रेपुरता करावा लागला. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. बंदीचा कागद एका दिवसात निघतो, हाताची सवय जायला वर्षं लागतात. मुंबईत डुंगरवाडीच्या विहिरींवरचं आभाळ तोवर रिकामं झालं होतं. ज्या पारशी समाजाच्या दानातून या विद्येची मुंबईतली शाळा उभी राहिली, त्याच समाजाचे मृतदेह गिधाडांची वाट पाहत पडून राहिले. याला काय म्हणावं, मला सुचत नाही.

कायदा झाला १९८४ साली. भारतीय पशुवैद्यक परिषद आली, नोंदणी असल्याशिवाय व्यवसाय नाही असं ठरलं, पदविकाधारकांनी किती आणि कुणाच्या देखरेखीखाली करायचं यावर आपल्याकडे मोर्चे निघाले, वाद झाले. हा वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. दार कुणासाठी उघडायचं ते कायद्याने सांगितलं. आत आलेल्या माणसाने पुढची तीस वर्षं काय वाचायचं, हे त्याला सांगता येत नाही. निरंतर पशुवैद्यकीय शिक्षणासाठी राज्य परिषदांना केंद्राच्या योजनेतून पैसा मिळत आला आहे, महाविद्यालयं चार-पाच दिवसांची प्रशिक्षणं घेतात. पण ज्याच्या तालुक्यात दुसरा डॉक्टर नाही, त्याने चार दिवस दवाखाना कुणावर सोडून जायचं? गाय अडली तर ती प्रशिक्षण संपायची वाट बघत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी महाराष्ट्रात पसरली. भारतात हा रोग पहिल्यांदा आला तो २०१९ मध्ये, ओडिशात. त्याआधी पदवी घेतलेल्या एकाही डॉक्टरने इथल्या गोठ्यात तो पाहिलेला नव्हता. लंपीची स्वतःची लस हाताशी नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली. पुन्हा शेळीच कामाला आली.

आमचे ते मोपेडवाले डॉक्टर तेव्हा निवृत्तीला आले होते. बदल्या होत होत आमच्याच जिल्ह्यात परतले होते. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी त्यांना भेटायला गेलो. समोर पंचविशीतली एक डॉक्टर मुलगी बसली होती, पहिलीच नेमणूक. दोघांच्या मध्ये टेबलावर एक वही होती. तिच्यात गाठींचे आकार, ताप किती दिवस, कोणत्या गाभण गाईला लस दिली आणि पुढे काय झालं, अशा नोंदी दोन वेगवेगळ्या अक्षरांत होत्या. मुलगी म्हणत होती, "सर, तुमचा हा डोस बरोबर वाटत नाही, नवीन सूचना वेगळी आहे." सरांनी चष्मा लावला, तिच्या हातातला कागद घेतला, दोनदा वाचला आणि वहीतला आपला आकडा खोडला.